दीर्घकालीन कुटुंब सर्वेक्षणात राहत्या ठिकाणाची नोंद कशी ठेवावी आणि ती किती खुली करावी?

प्रश्न : समाजशास्त्र_वाडा

नमस्कार. आमचा छोटा अभ्यासगट 2012 पासून जव्हार, मोखाडा, वाडा आणि भिवंडी या तालुक्यांतील ठरावीक कुटुंबांकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जाऊन शिक्षण, कर्ज, आजारपण आणि रोजगार यांची माहिती घेत आला आहे. पहिल्या फेरीच्या वेळी हे चारही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा भिवंडी ठाण्यात राहिली आणि बाकीचे तीन तालुके नव्या जिल्ह्यात गेले.

पहिल्या फेरीत पत्ता म्हणून गाव, पाडा आणि कुटुंबप्रमुखाचे नाव एवढेच लिहिलेले आहे. दुसऱ्या फेरीत टॅबलेटवर अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले गेले. पण त्यातली काही कुटुंबे आम्हाला त्यांच्या गावी न भेटता भिवंडीकडच्या वीटभट्टीवर भेटली होती, त्यामुळे कागदावर मोखाड्याचा पाडा आणि नकाशावर भट्टी असा प्रकार झाला आहे. तिसऱ्या फेरीपूर्वी हे मार्गी लावायचे आहे. अशा कुटुंबांचे राहते ठिकाण कोणते मानावे, जिल्हावार तुलना कशी करावी, आणि बाहेरचे संशोधक अक्षांश-रेखांशासह माहिती मागत आहेत त्यांना काय द्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : भूनकाशा

जिल्ह्याचे नाव ही त्या प्रदेशाची कायमची ओळख मानू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्मा गोंधळ टळतो. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा 1 कोटी 10 लाखांहून अधिक लोकसंख्येचा, देशातील सर्वांत मोठा जिल्हा होता. त्यातून आठ तालुके आणि सुमारे 30 लाख लोक वेगळे झाल्यावर जे उरले ते नावाने ठाणेच असले, तरी तो बराच अधिक शहरी असा वेगळा प्रदेश आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) 2011 च्या जनगणनेतील 640 जिल्ह्यांची चौकट वापरली गेली, म्हणजे तिथले ठाणे अविभाजित आहे. पाचव्या फेरीत (2019-21) 707 जिल्हे आहेत आणि पालघर स्वतंत्र आहे. या दोन फेऱ्यांतील ठाण्याचे आकडे शेजारी ठेवून परिस्थिती सुधारल्याचा निष्कर्ष काढणारे निबंध मी तपासले आहेत. जव्हार-मोखाड्यासारखे डोंगराळ तालुके सरासरीतून बाहेर पडले की एकाही बाळाचे वजन न वाढता आकडा सुधारतो, ही गोष्ट त्या लेखकांच्या ध्यानातच आलेली नसते.

आपण 2011 च्या जनगणनेतील गाव-संकेतांक हा पाया धरावा आणि प्रत्येक गाव कोणत्या तारखेला कोणत्या तालुक्यात व जिल्ह्यात होते याचा वेगळा तक्ता ठेवावा. महाराष्ट्रात ही अडचण नवी नाही. नंदुरबार आणि वाशीम 1998 मध्ये, हिंगोली आणि गोंदिया 1999 मध्ये वेगळे झाले, आणि 1991 च्या जनगणनेतील 30 जिल्ह्यांचे 2001 मध्ये 35 झाले होते. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर यांची नावे अलीकडे बदलली, तेव्हा नावावरून माहिती जुळवणाऱ्यांची तारांबळ उडाली आणि संकेतांकावरून जुळवणाऱ्यांना फारसा त्रास झाला नाही.

इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने 1975 मध्ये सुरू केलेला गावपातळीवरचा अभ्यास या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्यात सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझारा व किनखेड, आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातील ओरेपल्ली व डोकूर ही गावे होती. 2014 मध्ये शेवटच्या दोन गावांचे राज्यच बदलले, तरी अभ्यासाचे एकक गाव असल्यामुळे मालिका तुटली नाही. अर्थात गावही स्थिर असतेच असे नाही. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी 1917 मध्ये ज्याचा अभ्यास प्रसिद्ध केला ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत उंच इमारतींचे उपनगर आहे. म्हणून गावाच्या संकेतांकासोबत त्या-त्या फेरीच्या वेळी तिथे पक्का रस्ता, शाळा, दवाखाना, पाण्याची सोय काय होती हेही तारखेनिशी नोंदवा. नंतर कोणी आजच्या नकाशावरून 2012 मधला रस्ता ठरवू लागला, तर त्याला अडवायला दुसरे साधन आपल्यापाशी नसेल.

उत्तर : क्षेत्रकार्य

भूनकाशा यांच्या गाव-संकेतांकाच्या मुद्द्याला एक जोड द्यावीशी वाटते. जव्हार-मोखाड्यात एका महसुली गावात बरेच पाडे असतात आणि ते दूरदूर विखुरलेले असतात. डांबरी रस्ता गावठाणापर्यंत येतो आणि पुढे पाड्यापर्यंत पायवाट असते. अशा ठिकाणी गावाच्या मध्यबिंदूपासून आरोग्य केंद्राचे अंतर मोजले, तर आजारी माणसाला झोळी करून किती लांब न्यावे लागते हे त्या आकड्यात उतरत नाही. तेव्हा पाडा हा स्वतंत्र स्तर ठेवा.

वीटभट्टीचा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ जिथे राहणे झाले ते नेहमीचे निवासस्थान, अशी अट सरकारी नमुना सर्वेक्षणांत रूढ आहे. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपतो. ही अट काटेकोरपणे लावली तर मोखाड्याचे कातकरी कुटुंब भिवंडीचे रहिवासी ठरते, मात्र त्याचे घर, रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव आणि मुलांचे शाळेतील नाव मोखाड्यात असते. या दोहोंपैकी एक निवडण्याचा आग्रह आपण सोडून द्यावा. निवास हा एका रकान्यात बसवण्याऐवजी वास्तव्यांचा तक्ता करा. त्यात कोण गेले, कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत आणि कशासाठी, अशी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद असावी, कारण आजी आणि एखादे मूल बऱ्याचदा पाड्यावरच राहते. इंग्रजी महिना विचारला तर उत्तर अंदाजाने येते. उचल (हंगामापूर्वी मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) कधी घेतली, दिवाळीला कुठे होता, होळीला घरी आलात का, पहिला पाऊस पडला तेव्हा कुठे होता, असे विचारत गेलो की वर्षाचा पट माणसे बिनचूक सांगतात, हा माझा क्षेत्रातील अनुभव आहे.

टॅबलेटने नोंदवलेला बिंदू हा मुलाखतीचा बिंदू आहे, निवासाचा नाही. त्या रकान्याचे नावच बदला. शिवाय अनेक प्रणालींत अर्ज उघडताना किंवा जतन करताना जिथे असू तिथला बिंदू नोंदला जातो. मुलाखत घेणाऱ्याने संध्याकाळी मुक्कामी येऊन अर्ज पूर्ण केला असेल, तर नकाशावर त्याची खोली दिसेल. एकाच बिंदूभोवती चार-पाच कुटुंबे गोळा झालेली दिसली, तर आधी हीच शंका घ्यावी.

उत्तर : नमुना_आणि_गोपनीयता

खुलेपणाविषयी लिहितो. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा असतो, म्हणजे दशांशानंतरचे तीन अंक सुमारे 110 मीटरपर्यंत नेऊन सोडतात. मुंबईतील चाळीत तेवढ्या परिसरात शेकडो कुटुंबे असतील. विखुरलेल्या पाड्यावर तेवढ्यात एकच घर असते. म्हणून ग्रामीण भागात अधिक सैल नोंद द्यावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीत कुटुंबाचा बिंदू दिलेलाच नसतो. नमुना-गटाचा, म्हणजे एका ठिकाणच्या निवडलेल्या कुटुंबांचा मिळून, एक बिंदू असतो आणि तोही शहरात 2 किलोमीटरपर्यंत, गावात 5 किलोमीटरपर्यंत आणि शंभरातील एका ग्रामीण गटासाठी 10 किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेला असतो.

ती पद्धत आपण जशीच्या तशी उचलू नये, कारण तिथे प्रत्येक फेरीत नवा नमुना असतो आणि आपल्याकडे तीच कुटुंबे आहेत. प्रत्येक फेरीत बिंदू नव्याने सरकवला, तर न हललेले कुटुंब हललेले दिसेल, आणि सगळ्या फेऱ्यांचे बिंदू एकत्र करून सरासरी काढणारा खऱ्या घराच्या जवळ पोहोचेल. सरकवायचेच असेल तर एका घरासाठी एकदाच सरकवा आणि कुटुंब खरोखर हलेपर्यंत तोच बिंदू ठेवा. मला विचाराल तर बिंदू देऊच नका. रस्त्यापासूनचे अंतर, पाऊस, जंगलाचे प्रमाण हे आपणच काढून द्या, तेही ‘इतक्या ते इतक्या’ अशा पट्ट्यांत; नेमकी अंतरे तीन-चार ठिकाणांपासून दिली की त्यांच्यावरून घर शोधता येते. ज्यांना खरोखर बिंदू लागतो त्यांनी आपल्या कार्यालयात येऊन आपल्या संगणकावर काम करावे आणि फक्त तपासलेले तक्ते बाहेर न्यावेत.

भट्टीच्या जागा मात्र कोणत्याही रूपात बाहेर जाऊ देऊ नका. आपल्या माहितीत कर्ज आणि उचल आहे. अमुक भट्टीवरच्या कोणी किती उचल सांगितली हे मालकाला किंवा मुकादमाला कळले, तर त्याची किंमत ते कुटुंब पुढच्या हंगामात मोजेल.

उत्तर : गळती_अभ्यास

एक छोटी भर. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने 2004-05 मध्ये 41,554 कुटुंबांची माहिती घेतली आणि 2011-12 मध्ये त्यांपैकी सुमारे 83 टक्क्यांशी पुन्हा संपर्क साधला. न सापडणारी कुटुंबे सापडणाऱ्यांसारखीच असतात असे गृहीत धरता येत नाही, कारण राहण्याची जागा बदलणे हेच न सापडण्याचे मोठे कारण असते. आपल्या अभ्यासात भट्टीवर जाऊन तिकडेच स्थिरावलेली कुटुंबे गळली, तर उरलेल्यांवरून स्थलांतराचा परिणाम नेहमी सौम्यच दिसेल. नातेवाइकाचे गाव आणि गावात न हलणाऱ्या एका माणसाचे नाव प्रत्येक फेरीत लिहून घ्या. भ्रमणध्वनी क्रमांक बदलतात.

प्रश्नकर्त्याचे पुढचे : समाजशास्त्र_वाडा

सर्वांचे मनापासून आभार. वास्तव्यांचा तक्ता आणि दिनांकित गाव-तक्ता हे दोन्ही करणार आहोत. एक शंका उरते. 2012 च्या संमतीपत्रात ठिकाणाचा उल्लेखच नव्हता. जुन्या नोंदींना आता अक्षांश-रेखांश जोडले तर ते योग्य होईल का?

उत्तर : नमुना_आणि_गोपनीयता

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी अटींसह सवलत आहे, पण तिच्या आधारावर कुटुंबाला न विचारता जोडणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या फेरीत वारली, कातकरी असे जे बोलत असतील त्या बोलीत समजावून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिला, घराचे ठिकाण आम्ही आमच्यापाशी ठेवावे का. दुसरा, ते इतर अभ्यासकांना कामासाठी पाहू द्यावे का. पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार देणारी कुटुंबे निघतील, म्हणून दोन उत्तरांसाठी दोन रकाने आत्ताच करून ठेवा. जी कुटुंबे भेटणार नाहीत त्यांच्या नोंदी पाडा-स्तरावरच राहू द्या.