सरकारने व्यसनी माणसाच्या हातात सुई द्यावी का?

सावनी (मूळ धागा)
अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाचं चार-साडेचार हजार वस्तीचं गाव आहे. ओपाना या वेदनाशामक गोळ्या विरघळवून शिरेत टोचायचं व्यसन तिथे घराघरांत शिरलं होतं आणि एकच सुई कित्येक जण वापरत. ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एचआयव्हीचे नवे रुग्ण क्वचित सापडायचे, तिथे २०१५च्या साथीत आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. एकच सुई फिरू नये म्हणून नव्या, स्वच्छ सुया वाटायला कायद्याने बंदी होती. गव्हर्नर माइक पेन्स यांचा सुई-वाटपाला विरोध होता, तरी मार्चअखेर आरोग्य आणीबाणी जाहीर करून त्यांना परवानगी द्यावी लागली. त्यानंतर साथ ओसरली. तरीही २०२१मध्ये काउंटीच्या कमिशनरांनी २ विरुद्ध १ मतांनी सुया वाटणारं केंद्र बंद करायचं ठरवलं! मला हे अक्षम्य वाटतं.

दत्ता_सातारा
अक्षम्य काय त्यात? त्याच सुईने ओव्हरडोस होऊन माणसं मरतात, हे त्या कमिशनरांचं म्हणणं होतं. माझा मामेभाऊ नशेपायी गेला. मामीला जाऊन सांगा, सरकार पोरांना सुया देतंय म्हणून. शिवाय साथ सुयांमुळेच ओसरली कशावरून? तेव्हाच तपासण्या आणि एचआयव्हीची औषधंही सुरू झाली होती. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये तर सुया वाटत असतानाच १९९७च्या सुमारास एचआयव्हीचा भडका उडाला.

नीलिमा जे.
दत्ताभाऊ, मामेभावाचं वाचून वाईट वाटलं. व्हँकूव्हरचं खरं आहे, पण तिथे कोकेन टोचणारे दिवसातून कितीतरी वेळा टोचत, मिळणाऱ्या सुया पुरत नसत. त्यावरून सुया कमी पडल्या एवढंच कळतं. औषधांचं म्हणाल, तर ती द्यायला आधी रुग्ण सापडायला हवा. पोलिसांच्या भीतीने लपणारा माणूस तपासणीला आपणहून येत नाही, सुईसाठी येतो. तिथेच त्याची तपासणी होते, व्यसन सोडायचं म्हणाला तर वाटही तिथेच सापडते. आपल्याकडे मणिपूरने हेच ओळखून नव्वदच्या दशकातच सुया द्यायला सुरुवात केली.

दत्ता_सातारा
येतो सुईसाठी आणि जातोही सुईच घेऊन. व्यसनमुक्तीची खाट रिकामी नसेल तर त्या वाटेचा उपयोग काय? आधी खाटा वाढवा.

सावनी
खाटा वाढवायलाच हव्यात, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. पण खाट मिळेपर्यंत तो रोज टोचणारच. त्या काळात त्याला एचआयव्ही झाला, तर तो बायकोपर्यंतही पोचतो. तिने काय करायचं?