मॅडव्हिलनी: इंग्रजी रॅपची सवय नसलेल्याने हा अल्बम कसा ऐकावा?

कोरडा_पाऊस:
नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी मुंबईचं हिंदी-मराठी रॅप मनापासून ऐकतोय. धाकटा भाऊ पुण्यात शिकतो. त्याने मागच्या महिन्यात सांगितलं, "दादा, एकदा मॅडव्हिलनी ऐक, मग बोलू." दोनदा ऐकला आणि दोन्ही वेळा हातात काही लागलं नाही. गाणी सुरू होतात आणि संपूनही जातात. ध्रुवपद जवळजवळ नाहीच. एमएफ डूमचा आवाज जड, झोपेतून नुकताच उठल्यासारखा. मधेच जुन्या सिनेमातले संवाद येतात. माझं इंग्रजी कामापुरतं आहे, त्यामुळे निम्मे शब्द निसटतात. पण भाऊ उगाच काही सांगत नाही, म्हणून सोडवतही नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शब्द आधी वाचून मग ऐकावं की उलट? डूम रॅपर आणि मॅडलिब प्रोड्यूसर, म्हणजे मॅडलिबने नेमकं केलं काय? आणि आधी दुसरं काही ऐकून मग इकडे यावं का?

तबकडी:
चांगला धागा. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण माझ्या मते या अल्बमचं दार तिथेच आहे.

हिप-हॉपमध्ये प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा नव्हे. आपल्या भाषेत संगीतकार आणि संयोजक एकाच माणसात. फरक एवढाच की तो वादक बोलावत नाही, जुन्या रेकॉर्ड बोलावतो. एखाद्या रेकॉर्डमधले चार सेकंद उचलायचे, त्यांचा वेग बदलायचा आणि ते फिरत ठेवायचे. यालाच सॅम्पल म्हणतात.

नोव्हेंबर २००२ मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला होता. तिथे त्याने पेट्या भरभरून जुन्या रेकॉर्ड घेतल्या आणि साओ पाउलोच्या हॉटेलच्या खोलीत बसून अल्बमचं बरंच संगीत केलं. सोबत काय होतं? उचलून नेता येईल असा छोटा रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक आणि बॉस एसपी-३०३ नावाचा हातात मावणारा सॅम्पलर. बस. म्हणून या गाण्यांत चकचकीतपणा नाही. रेकॉर्डवरची धूळ ऐकू येते आणि ती काढायचा प्रयत्नही केलेला नाही. मला ते फार प्रिय आहे.

'रेड' लावा. सुरुवातीचा पियानो बिल इव्हान्स या जॅझ वादकाचा आहे, आणि पुढची चाल ओस्मार मिलितो या ब्राझिली संगीतकाराच्या रेकॉर्डवरून घेतलेली. दोघांची एकमेकांशी गाठ मॅडलिबने घातली. शेवटच्या 'राइनस्टोन काउबॉय'मागे मारिया बेतानियाचं गाणं आहे. ती ब्राझीलची फार मोठी गायिका. तिचं मूळ गाणं आधी ऐका, मग हे. त्यातलं किती थोडं घेतलंय आणि त्यावर केवढं उभं केलंय, ते कानाला लगेच कळेल.

तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझं मत: शब्द वाचू नका. निदान पहिले पाच वेळा तरी नाही.

मृदंग_माया:
तबकडी यांच्याशी शेवटच्या मुद्द्यावर सहमत नाही. डूमचे शब्द हा अर्धा अल्बम आहे. इंग्रजी कच्चं असणाऱ्याला शब्द वाचू नका म्हणणं म्हणजे ताट वाढून चमचा लपवण्यासारखं आहे.

डूम करतो काय ते सांगते. 'पाणी'ला 'राणी' जुळवणं सोपं. पण 'भरली सुपारी'ला 'सरली उधारी' जुळवायचं, तेही ओळीच्या शेवटी नाही तर मधेच कुठेतरी, आणि वाक्य तोडायचं भलत्याच ठिकाणी, हे कठीण. डूम हे ओळीमागून ओळ करत जातो, आणि आवाज इतका संथ की कष्ट जाणवतच नाहीत. ज्यांनी शाळेत मोरोपंतांच्या आर्या मोठ्याने वाचल्या असतील त्यांना हे सुख नवं नाही. अर्थ मागून आला तरी चालतो, जीभ आधी खूश होते. पण त्या आर्याही आपण पुस्तक समोर ठेवूनच वाचल्या ना? कोरडा_पाऊस, 'फिगारो'चे शब्द समोर ठेवून एकदा ऐका. फक्त तेवढंच गाणं.

आणि 'फॅन्सी क्लाउन' चुकवू नका. त्यात व्हिक्टर व्हॉन नावाचा माणूस प्रेयसीवर चिडलाय, कारण ती डूमच्या नादी लागलीय. व्हॉनही डूमच आहे, त्याचंच दुसरं नाव. स्वतःच्या एका रूपाकडून दुसऱ्याला शिव्या घालून घेतो. आपल्याकडच्या एकपात्री प्रयोगात मिळतो तसा आनंद आहे हा.

अवली:
+१. वाचनखूण साठवली.

अटकेपार:
मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. मॅडलिब इथून पश्चिमेला किनाऱ्यावरच्या ऑक्सनार्डचा. आपल्याकडे महाबळेश्वर तसं इथे स्ट्रॉबेरीसाठी ऑक्सनार्ड. त्याचे वडील गायक आणि मामा-काका मंडळींत जॉन फॅडिस हे नावाजलेले जॅझ ट्रम्पेटवादक. घरातच रेकॉर्ड होत्या, तेव्हा हा कान कुठून आला त्याचं नवल नको. अल्बमवर काम करताना मॅडलिब लॉस एंजेलिसमधल्या एका घराच्या जुन्या बॉम्ब शेल्टरमध्ये बसत असे. घर स्टोन्स थ्रो या रेकॉर्ड कंपनीच्या मंडळींचं.

एक गोष्ट कुणी सांगितली नाही. अल्बम २३ मार्च २००४ ला आला, पण त्याची कच्ची प्रत त्याच्या चौदा महिने आधीच इंटरनेटवर फुटली होती. दोघांचं मन उडालं. मॅडलिबने दरम्यान जे डिला या दुसऱ्या प्रोड्यूसरसोबत अल्बम केला, डूमने दुसऱ्या नावांनी दोन केले. मग परत आले तेव्हा डूमने काही शब्द बदलले आणि आवाजही खाली आणला. कोरडा_पाऊस, तुम्हाला जो 'झोपेतून उठल्यासारखा' वाटला तो आवाज त्या दुसऱ्या खेपेचा आहे. फुटलेल्या प्रतीत तो बराच चढा, घाईतला आहे. मला विचाराल तर त्या चौदा महिन्यांनी अल्बमचं भलंच झालं. शेवटच्या गाण्यात डूम या फुटण्याबद्दल स्वतः बोलतो, कान देऊन ऐका.

कोरडा_पाऊस:
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. डूम मुखवटा का घालायचा हे कुणी सांगाल का? भाऊ म्हणतो त्यामागे दुःख आहे.

मृदंग_माया:
आहे. डूमचं खरं नाव डॅनियल दुमिले. जन्म लंडनचा, वाढला न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर. धाकट्या भावासोबत केएमडी नावाचा गट होता. भाऊ सबरॉक या नावाने बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, करायचा. १९९३ मध्ये सबरॉक रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. दोघांचा दुसरा अल्बम तयार होता, पण मुखपृष्ठावरून वाद होऊन कंपनीने तो १९९४ मध्ये बाजारात आणलाच नाही आणि गटालाही काढून टाकलं. पुढची काही वर्षं हा माणूस जवळपास दिसेनासा झाला. परतला तो चेहरा झाकून, आणि १९९९ मध्ये 'ऑपरेशन: डूम्सडे' आला. मुखवटा मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकाच्या वळणाचा. चेहऱ्याकडे नको, शब्दांकडे बघा, असं त्याचं म्हणणं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. माझ्या मते आधी 'ऑपरेशन: डूम्सडे' ऐका. त्याचं संगीत मऊ आहे, गाण्यांना नीट ध्रुवपदं आहेत आणि भावाची आठवण जागोजागी आहे. ते ऐकून इकडे आलात की हा आवाज ओळखीचा झालेला असेल.

तबकडी:
डूम्सडेबद्दल मान्य. पण कोरडा_पाऊस यांची सुरुवात इथून झालीच आहे, तर मागे कशाला जायचं? मी त्यांना वेगळा क्रम देतो. रात्री हेडफोन लावून (घरात लहान मुलं असतील तर हेडफोनच, शिव्या आणि गांजा दोन्ही आहेत) फक्त चार गाणी: 'अकॉर्डियन', 'रेड', 'स्ट्रेंज वेज', 'ऑल कॅप्स'. चारही मिळून दहा मिनिटांच्या आत. एक आठवडा हीच चार. मग सलग पूर्ण अल्बम, २२ तुकडे, ४६ मिनिटं, मधे न थांबता. बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आत संपतात. डूमचं सांगून झालं की गाणं संपतं. तुम्ही ध्रुवपदाची वाट बघत राहिलात, म्हणून हाताला काही लागलं नाही.

'अकॉर्डियन'मध्ये तेच वाद्य फिरत राहतं, डेडलस नावाच्या संगीतकाराच्या रेकॉर्डमधून घेतलेलं. आपल्याकडे अकॉर्डियन म्हटलं की पुण्याचे इनॉक डॅनियल्स आणि जुनी सिनेगीतं आठवतात, तो सगळा आनंदाचा सूर. इथे तेच वाद्य ओसाड वाड्यातल्या दारासारखं कुरकुरतं.

'ऑल कॅप्स'मध्ये डूम बजावतो की त्याचं नाव लिहायचं तर सगळी अक्षरं मोठी हवीत. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाहीच. मी माझ्या वहीत ते लाल शाईने लिहितो.

अटकेपार:
पुढे काय ऐकायचं तेही सांगून ठेवतो. मॅडलिबचं 'शेड्स ऑफ ब्लू' (२००३), ब्लू नोट कंपनीच्या जॅझ संग्रहातून केलेलं. आणि आपल्या लोकांनी ऐकायलाच हवं ते 'बीट कंडक्टा' मालिकेचा तिसरा-चौथा भाग (२००७). तो सगळा भारतावर आहे, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डमधून केलेला. छोटे छोटे तुकडे आहेत आणि रॅप नाही, त्यामुळे इंग्रजीचा प्रश्नच येत नाही.

कोरडा_पाऊस:
नऊ दिवसांनी लिहितोय. तबकडी यांचा क्रम पाळला, फक्त 'फिगारो' शब्दांसकट ऐकलं, मृदंग_माया यांच्या सांगण्यावरून. ते पाचव्यांदा ऐकताना एकदम लागलं. दोन ओळींमागे टाकलेला आवाज तो पुढच्या ओळीच्या पोटात परत आणतो. बसस्टॉपवर एकटाच हसत होतो. शब्दांचा अर्थ अजून अर्धाच कळलाय, पण आता निसटलं असं वाटत नाही, राहिलंय असं वाटतं.

'स्ट्रेंज वेज' मात्र समजलं तसं जड झालं. पोलीस, गर्द विकणारी पोरं, युद्धावर जाणारे, सगळे त्याच संथ आवाजात. डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला आणि जगाला कळलं ३१ डिसेंबरला, हे भावाने काल फोनवर सांगितलं. त्यानंतर ते गाणं पुन्हा लावलं नाही अजून.

रविवारी सकाळी 'बीट कंडक्टा' स्पीकरवर लावलं होतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पिठाचे. म्हणाली, "अरे, पुढची ओळ का येऊ देत नाहीस? तोडलंस कुठे ते."

तबकडी:
आईंना विचारा कुठलं गाणं ओळखलं आणि पुढची ओळ काय होती. इथेच खाली यादी करत जाऊ.