मदत हवी आहे : कापूस वेचणीच्या दिवसांत वजन कसे टिकवावे?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. एक ग्रॅम तेलातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात हे कळल्यावर भाजीवरची तर्री कमी करून आणि दिवे लागताच जेवून मी ७८ किलोंवरून ७१ किलोंवर आले. मात्र वेचणी सुरू झाल्यापासून मजुरांसोबत दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा होतो, आणि कापूस मोजून घरी आल्यावर स्वयंपाकालाच रात्रीचे नऊ वाजतात, त्यामुळे २ किलो वजन पुन्हा वाढले आहे. वजन उतरल्यावर शरीराची ऊर्जेची गरजही घटते, म्हणून ही चूक फार दिवस चालू द्यायची नाही. शेतीचा हंगाम सांभाळून ज्यांनी वजन टिकवले, त्यांनी शिदोरीत काय नेले आणि चहाला नकार कसा दिला, हे कृपया सविस्तर सांगावे.