डेटा सेंटरच्या कार्बन उत्सर्जनावर कायद्याने मर्यादा हवी का?

अक्षरधूळ
माझ्या मते हवी, आणि तीही एकूण उत्सर्जनावर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी (म्हणजे इंटरनेट सेवा चालवणाऱ्या सर्व्हर-संगणकांच्या केंद्रांनी) सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली; एक टेरावॅट-तास म्हणजे एक अब्ज युनिट. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ च्या आसपास जाईल असा त्यांचा अंदाज आहे. गूगलने २०३० पर्यंत नेट झीरो (जेवढा कार्बन सोडू तेवढा काढून टाकून निव्वळ उत्सर्जन शून्य) गाठू असं जाहीर केलं होतं. २०२३ मध्ये त्यांचं उत्सर्जन २०१९ पेक्षा ४८ टक्के जास्त भरलं, हे त्यांच्याच अहवालात आहे. नुसत्या वचनांवर किती वर्षं विसंबायचं?

रानवारा
साफ असहमत. ४१५ म्हणजे जगाच्या विजेच्या जेमतेम दीड टक्का. २०१० ते २०१८ मध्ये डेटा सेंटरमधलं काम साडेसहा पट झालं, वीज वाढली फक्त ६ टक्के. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या जाळ्याने मायनिंग (व्यवहार पडताळण्यासाठी संगणकांची वीजखाऊ आकडेमोडीची शर्यत) बंद केलं आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. दोन्ही गोष्टी नव्या तंत्रानेच घडवल्या. त्याच्याच पायात बेडी कशाला?

अक्षरधूळ
बिटकॉइन हे दुसरं क्रिप्टोचलन मात्र आजही मायनिंगच्या जुन्याच पद्धतीने चालतं, कारण बदलायची सक्ती कुणावर नाही. आणि २०१८ पर्यंतची बचत बरीचशी अर्धवट रिकामे सर्व्हर मोठ्या केंद्रांत हलवून झाली. ती एकदाच करता येते. दीड टक्का जगाची सरासरी झाली. आयर्लंडमध्ये २०२३ साली २१ टक्के वीज डेटा सेंटरांनीच घेतली.

तारयंत्र
दोघांच्याही बोलण्यात घड्याळ येत नाहीये. कंपन्या वर्षभरात वापरलेली वीज आणि वर्षभरात खरेदी केलेली सौर-पवन वीज यांची बेरीज जुळवतात आणि ‘१०० टक्के हरित’ म्हणतात. सर्व्हर तर रात्री दोनलाही चालू असतो. वारा पडलेला असेल तर त्या वेळी कोळशाचा नाहीतर गॅसचा संचच ग्रिड (वीजवहनाचं जाळं) सांभाळतो. हिशेब तासागणिक मागा. एआय मॉडेलचं प्रशिक्षण चार तास पुढे ढकलता येतं, पैशांचे व्यवहार नाही ढकलता येत. हा फरक कायद्यात यायला हवा.

रानवारा
तासागणिक हिशेब मान्य. पण एका देशाने मर्यादा घातली की केंद्र दुसरीकडे जाणार, कदाचित जिथे सगळी वीज कोळशाची आहे तिथे. मग कमावलं काय?

अक्षरधूळ
म्हणून अट परवानगीतच घाला: जेवढी वीज मागाल तेवढी नवी स्वच्छ वीज त्याच ग्रिडवर आणा. मोठ्या देशांनी मिळून ही अट घातली तर पळायला जागा फारशी उरत नाही.