मदत हवी आहे: साउथ डकोटात प्रेअरी डॉगची शिकार (एच-वन-बी, परवाना, जागा)

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मिनिआपोलिसहून आम्ही चौघे मित्र साउथ डकोटाला प्रेअरी डॉगच्या (कुत्रा नव्हे, बिळात राहणारा खारीच्या कुळातला प्राणी) शिकारीला जायचं म्हणतोय. दोघे ऑफिसातले, इथलेच, पोरवयापासून वडिलांबरोबर हरणाच्या शिकारीला गेलेले. तिसरा नगरचा, ग्रीन कार्डवाला. चौथा मी, एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. रायफली ऑफिसातल्या दोघांच्या. माझा अनुभव एनसीसीच्या कॅम्पातल्या पॉइंट टू टू रायफलीपुरताच. इथल्या कुणी अशी ट्रिप केली असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

सगळ्यात मोठा प्रश्न व्हिसाचा. एच-वन-बीसारख्या व्हिसावर आलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. बंदूक मित्राची असली आणि आपण नुसती हातात घेतली तरी ते बाळगणंच. याला एक अपवाद आहे: अमेरिकेत रीतसर मिळालेलं, मुदतीतलं हंटिंग लायसन्स जवळ असेल तर चालतं. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. आता साउथ डकोटात बाहेरच्या माणसाला प्रेअरी डॉगसाठी प्रेडेटर-व्हर्मिंट लायसन्स (हिंस्र आणि उपद्रवी प्राण्यांच्या शिकारीचा परवाना) काढावं लागतं. ते या अपवादात बसतं का? मित्र म्हणतात, "काही होत नाही रे, कोण विचारतंय." पण विचारलंच तर व्हिसा माझा जाईल, त्यांचा नाही. आधी नेमबाजीच्या रेंजवर सराव करायचाय, त्यासाठीही हेच आधी सुटायला हवं.

दुसरा प्रश्न जागेचा. तिथे सार्वजनिक जमिनीवर १ मार्च ते १४ जून प्रेअरी डॉगची शिकार बंद असते. त्या काळात माद्या पिल्लांना पाजत असतात आणि वर्षातून वीण एकदाच. म्हणून जूनचा शेवट धरलाय. बफलो गॅप नॅशनल ग्रासलँड या सरकारी गवताळ प्रदेशातला कोनाटा बेसिनचा भाग शिकारीला बंद आहे, कारण तिथे काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी) आहेत. ही जात नामशेष झाली असं धरून चालले होते. मग १९८१ मध्ये वायोमिंगच्या मिटीत्सी गावाजवळ एका रँचवरच्या कुत्र्याने एक मारून आणला आणि ती शिल्लक असल्याचं कळलं. पुढे अवघे १८ फेरेट पकडून त्यांच्यापासून सगळी पैदास केली. या प्राण्याचं खाणं म्हणजे जवळजवळ प्रेअरी डॉगच, राहणंही त्याच्याच बिळात. त्या टापूच्या आसपाससुद्धा मला गोळी झाडायची नाही. त्यापेक्षा ज्या रँचवाल्याला गुरांच्या चाऱ्यासाठी प्रेअरी डॉग खरोखरच कमी करून हवेत, त्याच्याकडे जावं असं मला वाटतं. अशा रँचवाल्याशी ओळख कशी काढायची? परक्या माणसाने थेट दार ठोठावलं तर चालतं का?

तिसरं, मेलेल्या जनावरांचं काय करायचं? इथे कुणी ते खात नाही, तिथेच सोडतात. मग गरुड, ससाणे येऊन खातात आणि शिशाचे तुकडे त्यांच्या पोटात जातात. मी तांब्याच्या गोळ्यांचा आग्रह धरलाय. मित्रांचं म्हणणं, महाग पडतात आणि दिवसाला भरपूर लागतात. पॉइंट टू टू थ्री किंवा सेव्हन्टीन एचएमआर रायफलीत बिनशिशाच्या गोळ्या कुणी वापरल्या आहेत का? वाऱ्यात नेम कसा राहतो?

आणि प्लेग. प्रेअरी डॉगच्या पिसवांतून तो पसरतो, २००८ मध्ये कोनाटा बेसिनमध्येच आला होता. पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या माझ्या आईला हे अजून सांगितलेलं नाही. काळजी काय घ्यायची?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

कायद्याचं पक्कं उत्तर इमिग्रेशन वकिलाकडूनच, लेखी घ्या. पण सोपा मार्ग सांगतो. बंदूक बाळगण्याच्या त्या अपवादासाठी लायसन्स कुठल्याही राज्याचं चालतं, तेव्हा मिनेसोटाचं स्मॉल गेमचं (ससे, खारींसारख्या लहान प्राण्यांचं) हंटिंग लायसन्सही काढून ठेवा, व्हर्मिंट लायसन्सचा वादच उरणार नाही. १९७९ नंतर जन्मलेल्यांना त्यासाठी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे कोर्स आपोआप होईल. क्रम मात्र पाळा: कोर्स, लायसन्स, वकिलाचा होकार, मग रेंज. लायसन्स कायम खिशात हवं.

रोजबड किंवा शायेन रिव्हर रिझर्व्हेशनवर (मूळ अमेरिकी जमातींच्या राखीव जमिनीवर) जाणार असाल तर तिथलं ट्रायबल लायसन्स वेगळं लागतं.

प्रतिसाद २

मी गाईडबरोबर गेलो होतो. पहिल्या वेळी तेच करा. रँचवाल्याशी त्याचं आधीच बोलणं झालेलं असतं, आणि कुठल्या रँचवर खरंच उपद्रव आहे हे त्याला माहीत असतं. स्वतःच विचारायचं असेल तर शिकारीच्या दिवशी बंदुका घेऊन दारात उभे राहू नका. आधी फोन करा, गेटं जशी असतील तशीच ठेवा, वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका. गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरने कुरण पेटतं.

सकाळी लवकर बसा. पहिल्या गोळीनंतर सगळे बिळांच्या तोंडाशी उभे राहून शेपट्या झटकत भुंकतात, मग एकेक आत गडप. थोडा वेळ गप्प बसलात की आधी नुसतं कपाळ आणि डोळे वर दिसतात. इथेच घाई होते. त्याच बिळांच्या ढिगाऱ्यांवर बरोइंग आउल नावाचं छोटं घुबड उभं असतं आणि लांबून उंची तेवढीच वाटते. त्याला कायद्याचं संरक्षण आहे. स्पॉटिंग स्कोपवर (स्टँडवरच्या दुर्बिणीवर) एकाने बसायचं आणि त्याने "हो" म्हटल्याशिवाय दुसऱ्याने ट्रिगरला बोट लावायचं नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला.

तांब्याच्या गोळ्या मी पॉइंट टू टू थ्रीमध्ये वापरल्या. वजनाला हलक्या, त्यामुळे दुपारचा वारा सुटला की लांबचे नेम चुकतात. जवळचेच घ्या. बॅरल तापली की रायफल बाजूला ठेवून गार होऊ द्या. गोळ्या आपोआप कमी लागतात, महागाईचं गणितही जमतं.

मेलेल्याला हात लावायचा नाही, अंग गार पडलं की पिसवा नवीन अंग शोधतात. पँट मोज्यांत खोचा, पिसवांना चालणारं रिपेलंट लावा. घरी आल्यावर ताप आला किंवा काखेत, जांघेत गाठ आली तर डॉक्टरला ही ट्रिप आवर्जून सांगा, वेळेवर अँटिबायोटिक मिळालं की प्लेग बरा होतो. बिळात हात घालू नका, रॅटलस्नेक असतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सेफ्टी कोर्सला आजच नाव घालतो आणि वकिलाला मेल करतो. स्पॉटरचा नियम मित्रांना कळवलाय, पटलाय. तांब्याच्या गोळ्यांचा जादा खर्च मी आणि नगरचा मित्र मिळून उचलतोय.

एकच राहिलं: गाईडला फोन करताना त्याच्या रँचच्या आसपास फेरेट सोडलेले आहेत का, हे विचारलं तर तो खरं सांगतो का, की ग्रासलँड सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या वॉल गावातल्या व्हिजिटर सेंटरला विचारावं?