अँग्विश आणि अंजायना
इंग्रजी ‘अँग्विश’ला (तीव्र मनोवेदना) मराठी शब्द शोधताना, त्याचा ‘अँगर’शी (राग) काही संबंध नाही, नुसता उच्चाराचा योगायोग, असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. नातं आहे, फक्त चुलतघराण्यातलं. ‘अँग्विश’ लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात ‘अंगुस्तुस’ म्हणजे अरुंद. ‘अँगर’ नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतला, तिथे त्याचा अर्थ राग नव्हे, दुःख. दोन्हींचं मूळ आवळण्याच्या एकाच धातूत. आपल्या ऋग्वेदातला ‘अंहस्’ (संकट, कोंडी) हाही त्यांचाच सख्खा.

‘अंजायना’ (हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत होणारा त्रास) हा शब्दही याच कुळातला. विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरने १७६८ साली छातीच्या त्या दुखण्याला हे नाव दिलं, ते रुग्णाला गुदमरल्यासारखं वाटतं म्हणून. माझ्या आईला तो त्रास आहे. गिरगावात चाळीचे तीन जिने चढून आली की उंबऱ्यावरच बसते. पहिल्यांदा डॉक्टरांनी विचारलं, दुखतं म्हणजे नेमकं काय होतं? म्हणाली, “दुखत नाही हो, कोंडल्यासारखं होतं.” लॅटिनचा गंध नाही तिला! म्हणून ‘अँग्विश’ला मराठीत ‘वेदना’ किंवा ‘यातना’ हे शब्द मला अपुरे वाटतात. ‘घुसमट’ जास्त जवळचा, किंवा सरळ ‘जीव कोंडणं’.