लगोरी आणि तुमच्या गल्लीचे नियम

सातारीकंदी
सोसायटीच्या मागे फरशीचं काम चालूय, तिथले तुटके तुकडे उचलून पोरांनी काल लगोरी लावली आणि मी खिडकीतून हलूच शकले नाही. आमची लगोरी साताऱ्यात, वाड्यामागच्या बोळात. सात ठिकऱ्या, मोठी खाली बारकी वर, तीन चान्स, नेम मारलेला बॉल एक टप्प्यात झेलला की मारणारा बाद. फुटली की एक टीम रचणार आणि दुसरी बॉलने शेकणार, एवढं सगळीकडे सारखंच असेल. पण आमचा एक जादा नियम होता, बॉल हातात घेऊन पळायचं नाही, जिथे मिळाला तिथूनच मारायचा नाहीतर पास द्यायचा. वाड्यातल्या एका ताईने काढला तो, कारण बोळ अरुंद, थोराड पोरं बॉल घेऊन थेट लगोरीवरच येऊन उभी राहायची, मग रचणार कोण? त्या एका नियमाने खेळच बदलला, पासिंग आलं, बारक्यांच्या हातात बॉल यायला लागला. फार हुशार होती ती ताई. तुमच्याकडे काय होतं? नुसती लगोरी नको, बॉलचं काहीही चालेल.

जांभा
आमच्याकडे कौलांचे तुकडे. पावसाआधी घर शाकारायला काढलं की फुटकी कौलं सगळी पोरांची. कौलाला बाक असतो ना, रचलं की घसरतं, म्हणून त्यातल्या त्यात सपाट तुकडे निवडून जांभ्यावर घासून गोल करायचे. मे महिन्यात मुंबईची भावंडं आली की आधी हेच काम. आणि बॉल विहिरीत गेला तर ज्याने मारला त्याने काढायचा, तोवर डाव थांबला.

चहा_कमीसाखर
शेकणार!!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. पावसात भिजलेला रबरी बॉल आणि पाठ. बास.

तिसरामजला
चाळीत लगोरी कमी, अंडरआर्म क्रिकेट जास्त. गिरगाव. दोन बिल्डिंगच्या मधला चौक तेवढंच मैदान. गॅलरीत डायरेक्ट गेला आऊट, भिंतीला लागून एका हाताने कॅच आऊट, एक टप्पा एक हात आऊट, लेगला रन नाहीत कारण तिकडे पिंपं आणि एका आजोबांची खुर्ची. माणसं विषम असली की कॉमन बॅट्समन. लेग बंद असल्यामुळे आमची सगळी पोरं ऑफला जमिनीलगत असं कापायची की बघत राहावं, उचलून मारायची सोयच नाही ना, वर गॅलरी.

चहा_कमीसाखर
खुर्चीला लागला तर चौका का?

तिसरामजला
डेड बॉल. आणि निकाल आजोबा देणार, त्यांच्यापुढे कोणी रडी खेळायचं नाही 😀

शिट्टीवालीबाई
शाळेत पीटी घेते, मधल्या सुट्टीत लिहितेय. सातारीकंदी, तुमच्या ताईचा नियम आणि बास्केटबॉलचा मूळ नियम अगदी एक आहे! जेम्स नेस्मिथने १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला तो खेळ बनवला, बाहेर थंडी, पोरं जिममध्ये कंटाळलेली. एकूण १३ नियम लिहिले, त्यातला तिसरा हाच, बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच टाकायचा. कारण पण जवळचंच, पळणाराच नसला की त्याला पाडायला कोणी अंगावर जात नाही. ड्रिबलिंग नंतर आलं. मी सहावीच्या मुलांना दरवर्षी एक बॉल आणि चार खडूच्या रेघा देते आणि सांगते खेळ तुम्हीच बनवा. पहिल्या दिवशी भांडणं, दुसऱ्या दिवशी नियम. बेल झाली, पळते.

सातारीकंदी
बाई, अंगावर काटा आला वाचून. ताईला फोन करून सांगणारे आजच.

उंबरठा
आमच्या वाडीत एका मित्राला ऐकू यायचं नाही. रचून झाली की "लगोरी" ओरडतात ना, ते त्याला कळायचंच नाही, तो पळतच राहायचा. मग ठरलं, ओरडायचं नाही, दोन्ही हात वर करायचे. तो नसला तरी तसंच खेळायचो, सवयच झाली.

जांभा
+१ उंबरठा. भारी नियम.

ओवी_परदेशी
न्यूजर्सीत मंडळाच्या पिकनिकला लाकडी ठिकऱ्या केल्यात आम्ही. इथल्या पोरांना दूधभात म्हणजे काय ते समजावत बसले, की हा खेळेल पण बाद होणार नाही. मोठ्या मुलीने लगेच विचारलं, मग आजी दूधभात का नाही? आजी एका नेमात फोडत होती, तिला कशाला सवलत!

मोगरा२
माझी आई पदर खोचून खेळायची आमच्यात. मागच्या वर्षी गेली. आज खूप आठवण आली.

ओवी_परदेशी
मोगरा 🙏 त्यांच्या खेळाबद्दल लिहा ना अजून.

मोगरा२
लिहिते रात्री, पोळ्या व्हायच्यात. डावखुरी होती, बॉल कुठून येईल कळायचंच नाही कोणाला.

कातळकोंब
जांभा, गाव कुठलं हो? आम्ही राजापूरचे.

जांभा
लांजा! शेजारीच की. राजापूरची गंगा आली, म्हणजे तिथले झरे वाहायला लागले, की येणंच होतं तुमच्याकडे.

कातळकोंब
या या. आमच्याकडे अजून नळे, म्हणजे जुनी नळीची कौलं, आहेत छपराला, फुटके काढून ठेवतो पोरांसाठी. यंदा शाकारायला माणूस मिळाला का तुम्हाला? आमचा सांगून आलाच नाही.

जांभा
एक आहे माहितीतला, नंबर मेसेज करतो.